न कापलेलं गवत

समितीनं सांगितलं, चिन्ह साधं हवं.
एकाच रंगाचं.
तापल्या लोखंडानं खांबावर डागता येईल असं,
तिकिटावर करंगळीच्या नखाएवढं झालं तरी
ओळखू येईल असं.
आणि शुक्रवारपर्यंत.

मी मान हलवली.
विद्झेमेच्या या टेकडीवर एकवीस शिल्पं
उघड्यावर उभी आहेत,
बर्फात, उन्हात, करकोच्यांच्या शिटांत,
आणि मला त्यांतलं एक निवडायचं होतं
किंवा एकविसांचं मिळून एक करायचं होतं.

सोमवारी लोखंडी घोडा काढला.
त्याच्या उघड्या फासळ्यांत पाकोळ्यांनी घरटी केलीत.
रेघा कमी करत गेले :
आधी पाकोळ्या गेल्या, मग फासळ्या,
शेवटी कागदावर एक टेबल उरलं.

मंगळवारी ग्रॅनाइटची झोपलेली बाई.
तिचा झाला राईचा पाव,
बरा भाजलेला.

बुधवारी कुरणातलं दार, ज्याला भिंतच नाही.
प्रत्यक्षात ते उघडलं की पलीकडे तेच कुरण दिसतं
आणि तरी माणसं उंबरा ओलांडताना पाय उचलतात.
कागदावर नुसता चौकोन.
हिशेब बघणारा तालिस म्हणाला, बँकेचं वाटतंय.

साधं म्हणजे काय, कुणालाच सांगता येत नव्हतं.
साधं नाही ते मात्र सगळ्यांना लांबून दिसायचं.

गुरुवारी हात टेकले
आणि जुन्या कोठाराच्या माळ्यावर चढून बसले,
पाय खाली सोडून.
खाली ओयार्स गवत कापत होता.
मागे एकदा पातं दगडाला लागलं होतं,
बाईच्या टाचेवर अजून खाच आहे,
तेव्हापासून तो शिल्पाजवळ आला की
यंत्र वळवून लांबूनच फिरतो.
वीतभर गवत तसंच राहतं.

वरून पाहिलं तर
घोड्याभोवती कडं, दाराभोवती कडं,
एकवीस कडी,
पिवळट हिरव्या कुरणात गडद हिरवी,
आणि प्रत्येक एका बाजूनं तुटलेलं :
तिथून माणसं आत शिरतात,
'हात लावू नये' वाचून झाल्यावर
हात लावायला.

खिशात सुताराची बोथट पेन्सिल होती.
हात न उचलता एक रेघ ओढली.
मिटत आली तिथे थांबले.

शुक्रवारी वेल्टाबाईंनी चष्मा वर केला, खाली केला.
यात शिल्प कुठाय?
मधे, मी म्हटलं.
मधे तर काहीच नाही.
यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी कॉफी ओतली.
तालिसनं बिलाच्या पाठीवर ते काढून पाहिलं,
पुन्हा काढलं,
मग जरा चकित होऊन म्हणाला,
मलासुद्धा येतंय की.
झालं, मंजूर.

खांब डागले त्या दिवशी
कुंपणभर पाइनचा धूर.
ओयार्स आला, टोपी काढून बघत राहिला.
मी कौतुकानं सगळं सांगितलं, माळा, कडी, त्याचं वळण.
त्याचे कान लाल झाले.
म्हणजे माझं राहिलेलं काम
तुम्ही फाटकावर टांगलंत.

दुसऱ्या दिवशी, दव वाळायच्या आत,
बापाचा विळा घेऊन, गुडघ्यांवर रांगत
त्यानं एकवीसच्या एकवीस शिल्पांची मुळं
स्वच्छ केली.
न्हाव्यानं मानेवरची लव काढावी तशी.

आता लोक फाटकावरचं चिन्ह बघतात,
आत हिंडतात, परत येऊन विचारतात,
हे कुठल्या शिल्पाचं?
मी घोड्याकडे बोट दाखवते, कधी दाराकडे.

जूनमध्ये इथे रात्र नावालाच होते
आणि गवत झपाट्यानं वाढतं.
मी वाट बघतेय.
कोठारामागे तो विळ्याला धार लावतोय,
ऐकू येतं.